उरलेली डावी बाजू

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. सलूनमधली. माझ्या पाठीला मान टेकायची उशी आहे, ती लोखंडी दांड्यावर वरखाली सरकते, आणि पुढे पाय ठेवायला फळी आहे. वयाने मी तुमच्या आजोबांच्या बरोबरीची असेन. एवढं आयुष्य काढलं, तरी एक साधी गोष्ट मला अजून नीट उमगलेली नाही. खुर्ची नेमकी कशासाठी असते? हसू नका. बसण्यासाठी, असं एवढंसं पोरही सांगेल. मीही तेच समजत होते. पण मध्ये असे काही दिवस आले, की माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. आता खुर्चीला डोकं कुठून आलं, असं विचारू नका. मान टेकायची उशी आहे तेच माझं डोकं.

सुताराने मला घडवलं ते एका मोठ्या दाराच्या उरलेल्या लाकडातून. पाय झाले, पाठ झाली, उजवा हात झाला आणि लाकूड संपलं. मग त्याने कुठल्याशा मोडक्या कपाटाचा काळसर तुकडा घेतला, तासला आणि माझा डावा हात म्हणून ठोकून टाकला. माझे मालक तेव्हा तरुण होते, नवीन दुकान टाकत होते. ते मला न्यायला आले आणि म्हणाले, "अहो, हा हात वेगळाच दिसतोय."

"बसणाऱ्याला कुठे दिसतोय?" सुतार म्हणाला. "तो आरशात स्वतःचं तोंड बघणार, का खुर्चीचा हात?"

मालक हसले आणि मला घेऊन आले. आमचं दुकान उताराच्या गल्लीत, कोपऱ्यावरून पुढे आलं की लगेच. समोर मोठा आरसा, खाली कात्र्या-कंगव्यांची फळी, आणि मधोमध मी. माझ्यावर शिक्षक बसले, ड्रायव्हर बसले, भोकाड पसरलेली पोरं बसली. फक्त एक माणूस कधी बसला नाही, तो म्हणजे मालक. ते सदा माझ्याभोवती फिरत. गिऱ्हाइकाच्या उजव्या कानापासून सुरुवात, मग मागून मानेवरून, मग डावा कान, आणि शेवटी समोर. समोर आले की एक डोळा मिटून दोन्ही कल्ले एका रेषेत आहेत का ते बघायचे. एक केसभर वरखाली असला तरी पुन्हा फेरी. कल्ले जुळले की मानेवरचं कापड असं झटकायचे, की बसलेल्याला आपण राजे झाल्यासारखं वाटावं. माझ्याभोवती त्यांनी जितकी पावलं टाकली, तितक्या पावलांत एखादा माणूस जगाला वळसा घालून आला असता.

आमच्या गिऱ्हाइकांत एक वकीलसाहेब होते. त्यांच्या डोक्यावर मधोमध लख्ख मैदान आणि कानांच्या वर तेवढी थोडी झाडी. तरी ते न चुकता यायचे. "साहेब, कापू काय?" मालक विचारायचे. "जे आहे त्यावर न्याय करा," ते म्हणायचे. हा विनोद दोघांनी इतक्या वेळा केला, की मला तो पाठ झाला होता. पण दोघे दर वेळी नव्याने हसायचे.

मग दुकानात पंपाची खुर्ची आली. पायाने दाबली की वर, सोडली की खाली, शिवाय गोल फिरणारी. ती मधोमध बसली आणि मला दाराशी ढकललं, वाट बघणाऱ्यांसाठी. माझ्यावर रद्दी साचली, कोणी ओल्या छत्र्या टेकवल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण एक होतं, दाराशी बसून मालकांच्या पावलांचा आवाज ऐकू यायचा. चर्र, टप, चर्र, टप. त्यांच्या चपलांचा.

एका सकाळी तो आवाज मध्येच थांबला. मालक एका गिऱ्हाइकाच्या गालांना साबण लावत होते. त्यांच्या डाव्या हातातली वाटी खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तोंड एका बाजूला ओघळलं आणि ते भिंतीला घासत घासत खाली बसले. तोंडाला फेस लागलेलं ते गिऱ्हाईक तसंच रस्त्यावर धावलं आणि एक गाडी अडवून घेऊन आलं. त्या गडबडीत मला एवढंच कळलं, की काहीतरी फार वाईट झालं आहे. अर्धांगवायूचा झटका आला, असं मागून लोक म्हणत होते. नंतर दुकानाचं शटर खाली आलं आणि मी कितीतरी दिवस अंधारात राहिले.

शटर उघडलं ते मालकीणबाईंनी. त्यांनी माझ्यावरची रद्दी खाली टाकली, मला दोन्ही हातांनी हलवून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही घरी नेऊ. पलंग फार खाली आहे. हिला दोन्ही बाजूंनी हात आहेत, हे पडणार नाहीत." पंपाच्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलं नाही. मित्रांनो, मला तेव्हा आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून लाजही वाटली.

घरी मालकांना माझ्यावर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा! ज्यांनी मला कधी पाठ टेकली नाही, ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्यावर. जो तो येऊन म्हणे, "बसा, बसा, उठू नका." मालकीणबाई चहा हातात देत, उशी पाठीशी सरकवत, पाय फळीवर उचलून ठेवत. मला वाटलं, आता आपलं काम खरं सुरू झालं. पण मालक दिवसेंदिवस जड होत चालले. वजनाने नव्हे. कसे ते मला सांगता येत नाही.

आणि तेव्हाच तो विचित्र प्रकार सुरू झाला. एके दिवशी मालक बसल्या बसल्या म्हणाले, "अगं, ह्या खुर्चीचा डावा हात मोडलाय वाटतं. सुताराला बोलव."

मी चपापले. माझा डावा हात जागच्या जागी होता. मालकीणबाईंनी त्यावर थाप मारून दाखवली. मालकांनी मान वळवलीच नाही. "थट्टा करू नकोस," म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांना पलंगावर बसवलं होतं आणि मी समोर तोंड करून उभी होते. मालक मला निरखून म्हणाले, "काल डावा गेला, आज उजवा गेला. कसलं लाकूड वापरलं त्याने?"

आता सांगा, मी काय समजायचं? एका दिवशी माझा डावा हात नाही, दुसऱ्या दिवशी उजवा नाही! मी रात्रंदिवस घाबरून राहिले. उद्या पाय जातील की काय, असं वाटायचं. मालकांच्या ताटाचंही तसंच. उजवीकडचं जेवण संपायचं आणि डावीकडचं तसंच राहायचं. "पोट भरलं नाही, वाढ ना," ते म्हणायचे. मालकीणबाई गुपचूप ताट फिरवून ठेवायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन पदर डोळ्यांना लावायच्या.

ह्या कोड्याचं उत्तर आणलं एका तरुण फिजिओथेरपिस्ट बाईंनी. आल्या आल्या त्यांनी मालकांशी उजवीकडून बोलून पाहिलं, मग डावीकडून, आणि मग मालकीणबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, डोळे चांगले आहेत त्यांचे. पण झटक्यामुळे मेंदूने डावीकडची बाजू मोजणंच सोडून दिलंय. ती बाजू त्यांच्या लेखी नाहीच. आपण खोटं बोलतोय असंच त्यांना वाटतं."

"मग आता?"

"आता चालायचं. भरपूर, आणि जोरात. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून हो म्हटलंय."

बाईंनी मालकांच्या कमरेला रुंद पट्टा बांधला, तो मागून मुठीत धरला आणि त्यांना उभं केलं. डावा पाय ओढत मालक दोन पावलं चालले. बाई त्यांच्या डावीकडे उभ्या राहत आणि डावीकडूनच बोलत. मालकीणबाईंच्या शिवणाच्या डब्यातली एक लाल पट्टी त्यांनी माझ्या डाव्या हाताला बांधली. "काका, लाल दिसेपर्यंत मान वळवत राहायची. दिसत नाही म्हणजे नाही असं नाही, म्हणजे मान पुरती वळलेली नाही."

मग जे सुरू झालं ते बघून माझी मतीच गुंग झाली. आजारी माणसाला हळूहळू चालवतात, असं मी ऐकलं होतं. बाईंचं उलटंच. ओट्यापासून दारापर्यंत, दारातून बाहेरच्या लांब व्हरांड्यात, व्हरांड्याच्या टोकापासून परत. वाटेत उशा टाकायच्या, त्यांवरून पाय उचलून न्यायचा. आडवी पावलं टाकायची, तीही डावीकडे. "काका, एखादं गाणं म्हणा बरं," त्या म्हणायच्या. मालक खूश होऊन गुणगुणायचे. "गाता येतंय? म्हणजे वेग कमी आहे. वाढवा!" मालक दोन शब्द बोलून धापा टाकायला लागले, की त्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघत आणि म्हणत, "हं, आता बरोबर." मालकांनी त्यांचं नाव सार्जंट ठेवलं.

"ही जमीनच उतरती आहे," मालक कुरकुरायचे.

"नाचता येईना, अंगण वाकडं," सार्जंटबाई म्हणायच्या.

मालकीणबाईंना हे बघवत नव्हतं. "मॅडम, माणूस आजारी आहे आणि तुम्ही त्याला धाप लावताय?"

"काकू, सावकाश चालवलं तर ते सावकाश चालायलाच शिकतील. मेंदूला जोर पडला तरच तो नवी वाट काढतो."

मालकीणबाईंना ते पटलं नाही. सार्जंटबाईंनी त्यांना एक काम दिलं होतं. मला घेऊन मालकांच्या मागे मागे यायचं, चार हात अंतर ठेवून, वेळ पडली तर बसवायला. म्हणजे बघा, खुर्ची चालायला लागली! पण मालकीणबाई मला इतक्या जवळ सरकवायच्या, की माझी कड मालकांच्या गुडघ्यांना मागून लागायची आणि ते मटकन बसायचे. "काकू!" सार्जंटबाई ओरडायच्या. "अहो, दमले ना ते," मालकीणबाई म्हणायच्या. मग बाईंनी मला त्यांच्या हातून काढून खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. मालक माझ्याकडे बघत घाम गाळत येत. ते थोडे जवळ आले, की दुसऱ्या दिवशी मी दाराबाहेर. तिथवर आले, की मी जिन्यापाशी. बाईंची पाठ वळली की मालकीणबाई मला हळूच चार बोटं अलीकडे ओढायच्या. बाई मला पलीकडे ढकलायच्या. माझ्या पायांखालची फरशी घासून पांढरी झाली.

मी कुणाची बाजू घ्यायची होती? एकीला वाटे मी जवळ असावं, दुसरीला वाटे लांब. दोघींनाही मालक बरे व्हायला हवे होते, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि मला विचाराल तर मला त्यांना बसू द्यावंसं वाटायचं. खुर्चीला दुसरं काय वाटणार? पण ते व्हरांड्याच्या टोकावरून माझ्याकडे चालत येत तेव्हा हलके दिसायचे. मला काही कळेनासं झालं होतं.

शेवटी व्हायचं ते झालं. एका सकाळी मालक जिन्याजवळ पोचले, पाय लटपटायला लागले. सार्जंटबाईंनी पट्टा घट्ट धरला होता. मालकीणबाई घाईघाईने मला घेऊन धावल्या आणि मला त्यांच्या मागे सरकवलं, पण जरा डावीकडे. डावीकडे! मालकांच्या लेखी तिथे काहीच नव्हतं. ते बसले ते अर्धे माझ्यावर, अर्धे हवेत, आणि बाईंच्या हातातून निसटून फरशीवर घसरले. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. पण मालकीणबाईंचा धीर सुटला. त्या मालकांचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाल्या, "पुरे झालं ते चालणं. उद्यापासून येऊ नका. ते बसून राहिले तरी मला चालतील. मला ते असायला हवेत."

सार्जंटबाईंनी मालकांच्या कमरेचा पट्टा सोडून माझ्यावर ठेवला. "फोन करा," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

मी पुन्हा खिडकीशी आले, मालक पुन्हा माझ्यावर. दुकान एका चष्मेवाल्याला द्यायचं असं ठरत आलं. तो येऊन जागेचं माप घेऊन गेला. मालक त्याच्याकडे वळलेही नाहीत. नुसते उजवीकडच्या भिंतीकडे बघत बसले. मला हवं ते सगळं मिळालं होतं, मित्रांनो. माणूस माझ्यावर बसला होता, दिवसभर. आणि मला रडू येत होतं.

त्याच आठवड्यात वकीलसाहेब भेटायला आले. त्यांना बघून मालकीणबाई दारातच थबकल्या. कानांवरची झाडी वाढून दोन्ही बाजूंना पंखांसारखी फुटली होती. "अहो साहेब, हे काय?"

"दुसऱ्या कुणाकडे गेलो नाही," वकीलसाहेब म्हणाले. "एवढीशी इस्टेट, ती परक्याच्या हाती कशी द्यायची?"

मालक तेव्हा माझ्या शेजारच्या पलंगाच्या कडेला बसले होते. घरात धड खुर्ची एकच, म्हणून वकीलसाहेब माझ्यावर बसले. मालकीणबाई चहा ठेवायला आत गेल्या. वकीलसाहेबांनी सवयीने मान माझ्या उशीला टेकवली.

आणि मालक उठले. कुणी सांगितलं नाही, कुणी धरलं नाही. माझ्या पाठीला उजवा हात लावून ते उभे राहिले, दुकानातून आणून भिंतीच्या फळीवर ठेवलेलं केस कापायचं मशीन घेतलं, उशीवरचं कापड ओढून वकीलसाहेबांच्या गळ्याभोवती टाकलं. "साहेब, कापू काय?"

वकीलसाहेबांनी मान ताठ केली. "जे आहे त्यावर न्याय करा."

मशीन गुणगुणायला लागलं. उजवा कान, मग मागे मान. पावलं ओढत होती, पण क्रम जुनाच. चर्र, टप. मला इतकं बरं वाटलं, की मी श्वास रोखून धरला. माझ्यामागे मधोमध येऊन मालक थांबले, समोर आरसा असल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, "झालं. सुरेख." डावीकडचा पंख जसाच्या तसा होता.

वकीलसाहेबांनी हात फिरवून ते ओळखलं आणि हात पुन्हा कापडाखाली घेतला. मालक मग जुन्या सवयीने, उजवीकडूनच, वळसा घेऊन समोर आले. एक डोळा मिटला आणि दचकले. "हे काय? मी कापलंच नाही!"

समोरून उभं राहिलं, की वकीलसाहेबांची डावी बाजू मालकांच्या उजवीकडे येत होती, आणि तेवढीच त्यांना दिसत होती. ते भिंतीला धरून पुन्हा मागे गेले. सगळं कापलेलं. पुन्हा समोर आले. काहीच कापलेलं नाही. मागे झालं, पुढे नाही! मित्रांनो, माझ्या हातांचं जे व्हायचं तेच वकीलसाहेबांच्या डोक्याचं झालं होतं. पहिल्यांदाच ह्या जगात माझ्याइतकं गोंधळलेलं कुणी मला भेटलं.

मालकांनी मशीन बंद केलं. मग हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, मला अर्धंच दिसतं का हो?"

"हो," वकीलसाहेब म्हणाले.

"म्हणजे तुम्ही सगळे खरं बोलत होता."

"आम्ही सगळेच," वकीलसाहेब म्हणाले. "मीसुद्धा, आणि मी तर वकील आहे."

मालकीणबाई चहा घेऊन बाहेर आल्या त्या नेमक्या तेव्हा. एका बाजूला गोटा आणि एका बाजूला पंख बघून त्यांना इतकं हसू फुटलं, की कप-बशा खाली ठेवाव्या लागल्या. झटका आल्यापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. हसता हसता त्यांनी पाहिलं, की मालक उभे आहेत. कुणाच्याही आधाराशिवाय, इतका वेळ. त्यांचं हसू तिथेच थांबलं.

मालकांचे पाय थरथरायला लागले. वकीलसाहेब उठले, त्यांना माझ्यावर बसवलं. मालकांनी मशीन पुढे केलं. "बसा, उरलेलं करतो, थोडा दम खाऊन."

"नाही," वकीलसाहेब म्हणाले. "खटला अर्धा राहिला की तारीख पडते. पुढची तारीख दुकानात. इथे नाही. उरलेली बाजू तुम्ही दुकानात चालत येऊन कापायची. तोवर मी हा असाच."

"साहेब, लोक हसतील."

"हसू देत. विचारलं तर सांगेन, काम चालू आहे."

ते गेल्यावर मालक म्हणाले, "अगं, त्या सार्जंटला फोन लाव."

मालकीणबाईंनी फोन हातात घेतला. "पुन्हा पडलात तर?"

"तर उचल. पण दुकान त्या चष्मेवाल्याला देऊ नकोस."

त्यांनी फोन लावला.

सार्जंटबाई आल्या आणि पूर्वीपेक्षा कडक झाल्या. व्हरांडा कमी पडला तेव्हा गल्ली. चढ, उतार, पुन्हा चढ. परतल्यावर माझ्याभोवती फेऱ्या, मला डाव्या हाताला ठेवून, लाल पट्टी दिसेपर्यंत मान वळवत. सुरुवातीला मालक माझ्यापासून उजवीकडे लांब लांब भरकटत जायचे आणि कपाटाला धडकायचे. मग हळूहळू वर्तुळ लहान झालं. सरळ रेघेत सुधारणा झाली असं समजू नका. आज मान वळायची, उद्या विसरायची. आज उशी ओलांडायचे, उद्या तिलाच अडखळायचे. नाकी नऊ यायचे दोघांच्या. पण आता एक नवल घडत होतं. मालक धापा टाकत माझ्या दिशेने येऊ लागले, की मालकीणबाई स्वतः मला मागे ओढायच्या. ओढताना डोळे मिटून घ्यायच्या. पण ओढायच्या. मला हे प्रेम कुठल्या खान्यात ठेवावं ते समजेना.

तिकडे वकीलसाहेब एक पंख घेऊन गावभर फिरत होते. आरशात बघून तेही दचकत असतील, पण बोलले कधी नाहीत.

मग तो दिवस आला. सकाळीच मला हातगाडीवर घालून दुकानात नेलं. पंपाची खुर्ची बाजूला सरली आणि मी पुन्हा मधोमध. मालकीणबाईंनी मला दाराकडे तोंड करून ठेवलं. वकीलसाहेब फळीला टेकून उभे होते. आम्ही तिघं उघड्या शटरमधून रस्त्याकडे बघत होतो. कोपऱ्यावरून पावलांचा आवाज आला. चर्र, टप.

मालक आले. सार्जंटबाई त्यांच्या डावीकडे, जरा मागे, पट्टा धरून. मालकांचा चेहरा घामाने डबडबला होता आणि त्यावर आशा दिसत होती. आमचं दुकान त्यांच्या डाव्या बाजूला होतं.

ते दुकानासमोरून सरळ पुढे निघून गेले.

मालकीणबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं. सार्जंटबाईंनी मागे न बघताच तळहात दाखवला, थांबा. मालकीणबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. मला वाटलं, संपलं. ज्या दाराने ते आयुष्यभर आत आले, तेच त्यांच्या लेखी नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण वळसा घालणाऱ्याची काख बघून कुणी रडलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

पलीकडच्या दुकानाशी पावलं थांबली. मालकांचा आवाज आला, "इथेच तर होतं."

सार्जंटबाईंचा तळहात अजून वरच होता.

"नाही म्हणजे..." मालक स्वतःशीच बोलत होते, "नाही म्हणजे मान पुरती वळलेली नाही." आणि त्यांची मान वळायला लागली. आम्हाला ती दारातून तिरपी दिसत होती. थोडी वळली, थांबली. आणखी वळली. हनुवटी खांद्यापर्यंत आली. खांदाही वळला, मग पाऊल. त्यांची नजर भिंतीवरून, शटरच्या कडेवरून, उंबऱ्यावरून सरकत सरकत आत आली आणि लाल पट्टीवर येऊन ठरली.

"सापडलं," मालक म्हणाले.

ते आत आले. मालकीणबाईंनी सवयीने मला त्यांच्याकडे सरकवलं, मग स्वतःच जीभ चावून मागे ओढलं. मालकांनी मान हलवली. "मी कशाला बसू? साहेब, बसा."

मला आरशाकडे फिरवलं. वकीलसाहेब बसले. कापड पडलं. सार्जंटबाईंनी पट्टा धरला होता, मशीन सुरू झालं, आणि मालक उजव्या कानाशी न थांबता माझ्या पाठीमागून आडवी पावलं टाकत डावीकडे निघाले. एक पाऊल. मान. एक पाऊल. मान. तो उरलेला पंख कापड भरून खाली पडला. त्या भरात त्यांचा तोल जरासा गेला आणि त्यांचा तो अशक्त डावा हात माझ्या डाव्या हातावर येऊन पडला.

मालकांनी खाली पाहिलं. बोटांनी लाकूड चाचपलं. "अगं," ते म्हणाले, "हा हात वेगळ्या लाकडाचा आहे. केव्हा बसवलास?"

"पहिल्यापासून आहे तो," मालकीणबाई म्हणाल्या, आणि आपला हात त्यांच्या हातावर ठेवला.

मालक समोर आले, एक डोळा मिटला. मग मान डावीकडे वळवून दुसरा कल्लाही पाहिला. "एक खाली आहे," म्हणाले, आणि पुन्हा फेरीला निघाले.

मित्रांनो, आता मी पुन्हा दुकानात आहे. दुकान पूर्वीसारखं दिवसभर उघडं नसतं. मालक सकाळचा थोडा वेळ येतात, चालत, आणि अजून कधी कधी दार सोडून पुढे जातात, मग परत येतात. दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये दमले की माझ्यावर घटकाभर बसतात, आणि लगेच उठतात. म्हणून पहिला प्रश्न मला अजून सुटलेला नाही. खुर्ची बसायला असते की उठायला? तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला कळलं तर मला सांगा. मला एवढंच कळतं, की थकलेल्या माणसाला खुर्ची जरूर द्यावी. पण तो पाय उचलायला लागला, की मायेने ती त्याच्या गुडघ्यांमागे सारखी सरकवू नये. मागे ओढणाऱ्याचे डोळेही मी पाहिले आहेत. ते घट्ट मिटलेले होते.

आणि आमच्या दुकानात आलात, तर माझ्यावरची धूळ पुसा. दोन्ही हात पुसा. डावा लोक विसरतात.